‘बोर्डावर रेड आहे, मग बॅकअप कशाला?’

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: “मदरबोर्डवर हार्डवेअर रेड फुकटच मिळतं. सारख्या दोन हार्ड डिस्क लावा, बायोसमध्ये साटा मोड रेड करा, मिरर बनवा. वेग दुप्पट, बॅकअप नको, बोर्ड गेला तरी डिस्क दुसऱ्या बोर्डावर चालतात.” रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच डिस्क म्हणून वापरणं; मिरर (रेड १) म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत. सल्ल्यातलं जवळपास सगळंच अर्धवट आहे.

“हार्डवेअर रेड.” बोर्डावरची रेडची सोय इंटेलची (आरएसटी) असो की एएमडीची (रेडएक्सपर्ट), तिथे वेगळा रेड प्रोसेसर नसतो, कॅश (तात्पुरती मेमरी) नसते, ती जपणारी बॅटरीही नसते. बूट होईपर्यंत फर्मवेअर (बोर्डातलंच सॉफ्टवेअर) सांभाळतं, पुढे सगळं ड्रायव्हर सीपीयूकडून करून घेतो. मिररला याने फरक पडत नाही. रेड ५ला पडतो, ज्यात गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढता यावा म्हणून पॅरिटी नावाचा हिशेबही लिहिला जातो: मध्येच वीज गेली की डेटा नवा आणि पॅरिटी जुनी राहू शकते. तिथे यूपीएस हवाच.

“वेग दुप्पट.” हा रेड ०चा गुण, ज्यात डेटा दोन डिस्कवर वाटून लिहितात. मिररमध्ये प्रत्येक बाइट दोन्ही डिस्कवर लिहावा लागतो, म्हणजे लिहिण्याचा वेग हळू डिस्कचा. वाचताना थोडा फायदा झाला तर झाला.

“साटा मोड रेड करा.” घोळ सगळ्यात जास्त इथेच होतो. साटा मोड म्हणजे डिस्क कशा चालवायच्या हे ठरवणारी सेटिंग. विंडोज एएचसीआयवर (डिस्क सुट्या चालवणारा नेहमीचा मोड) टाकलेलं असताना मोड बदललात, की निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. आधी रेडचा ड्रायव्हर टाका, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा. मग विंडोजच्या एमएसकॉन्फिग टूलमध्ये सेफ बूटवर टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदला. सेफ मोड उघडला की टिक काढा. नवं विंडोज टाकताना डिस्क दिसत नसतील तर ड्रायव्हरचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. आणि बायोसमधून अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कचा संच) बनवलात तर दोन्ही डिस्कवरचा डेटा गेला असं धरूनच चाला.

सल्ल्यात नसलेली गोष्ट: बायोस अपडेट झालं किंवा सीमॉसची (बायोसच्या सेटिंग जपणारी) बॅटरी संपली, की मोड गुपचूप एएचसीआयवर परतू शकतो. मिररच्या दोन डिस्क मग सुट्या दिसतात. एकीवर काही लिहिलं गेलं की दोन्ही प्रतींचा मेळ संपला. रेड ० असेल तर विंडोज डिस्क ‘इनिशियलाइझ’ करायला सुचवतं. कॅन्सल करा, आधी बायोस बघा.

“दुसऱ्या बोर्डावर चालतात.” अ‍ॅरेची माहिती डिस्कवरच असते, त्यामुळे इंटेलवरून इंटेलवर बहुतेकदा जमतं. इंटेलवरून एएमडीवर अ‍ॅरे ओळखला जात नाही. आरएसटीची ही नोंद डिस्कच्या शेवटी असल्याने मिररमधली एकटी डिस्क सहसा वाचता येते. लिनक्सच्या एमडीएडीएम या रेड टूललाही हा फॉरमॅट कळतो. रेड ०मधली एकटी डिस्क मात्र वाचता येत नाही.

“बॅकअप नको.” चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते, रॅन्समवेअरचंही तेच. मिरर फक्त मेलेल्या डिस्कपुरता. तेव्हाही ४ टीबी पुन्हा भरायला सेकंदाला १५० एमबीने साडेसात तास लागतात, आणि तेवढा वेळ एकाच डिस्कवर भिस्त. एसएमआर डिस्क (जिच्यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, म्हणून लिहिणं हळू) असेल तर आणखी कितीतरी. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या ‘रेड’ (लाल) मालिकेतल्या काही २ ते ६ टीबी डिस्क एसएमआर असल्याचं कंपनीने २०२० मध्ये मान्य केलं होतं. घेताना सीएमआर (पट्ट्या न चढवलेली, नेहमीची) बघून घ्या. आणि दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर आपापल्या साटा केबलला चिकटवून ठेवा, नाहीतर ऐनवेळी चालू डिस्कच उपसली जाते.