तळघरात पाणी येते ते झऱ्याचेच असते का?

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. उतारावरच्या घरांच्या तळघरात, म्हणजे डोंगराच्या अंगाला जमिनीत रुतलेल्या खालच्या खोल्यांत, येणारे पाणी झऱ्यांचे असते; चिरा, म्हणजे भिंतीसाठी घडवलेला जांभा दगड, सच्छिद्र असल्याने ते अडत नाही; म्हणून भिंतींना आतून वॉटरप्रूफिंगचा लेप द्यावा आणि ओल वाळण्यासाठी खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात, असे तो सांगतो. या चारही विधानांत थोडेथोडे तथ्य आहे आणि नेमके त्यामुळेच लोकांचे पैसे भलत्या जागी खर्च होतात.

झरे खोटे नाहीत. जांभ्याखाली अनेक ठिकाणी शेडी लागते. ही चिकट माती पाणी सहजी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे जांभ्यातून मुरलेले पाणी तिच्यावरून आडवे सरकते आणि घरासाठी डोंगर कापला असेल तर त्या कापाशी बाहेर पडते. पण असे पाणी पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस पाझरत राहते. जोराची सर आल्यावर तासाभरात पाणी येत असेल आणि उघडीप मिळताच ओसरत असेल, तर झऱ्याला दोष देण्याआधी छपराकडे पाहावे. १०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर, म्हणजे एका मोठ्या टँकरइतके पाणी खाली येते, आणि आपल्याकडे आषाढात असा दिवस नवलाचा नसतो.

आमच्याच घरी मागच्या पन्हळीचा पाइप भिंतीपासून वीतभर अंतरावर संपत होता. तिथे मातीत घमेले बसेल एवढा खड्डा पडला होता आणि त्याच्या बरोबर खाली, तळघराच्या कोपऱ्यात, भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून पाणी येत होते. पाइप पंधरा फूट पुढे नेऊन पाणी परड्याच्या खालच्या अंगाला सोडले, खड्डा भरून माती बाहेरच्या बाजूला उतरती ठोकून घेतली, तेव्हा तो कोपरा कोरडा झाला. लेपाचे दोन डबे मात्र त्याआधीच भिंतीवर गेले होते.

चिऱ्याबद्दलचा दावा थोडक्यात निकालात निघतो. चिरा पाणी शोषतो हे खरे, परंतु भिंतीपर्यंत पाणी पोचलेच नाही तर तो शोषणार काय? घर आणि कापलेला डोंगर यांच्यामधला चर मोकळा आणि उतरता असला पाहिजे. बऱ्याच घरांत तो बांधकामाचा राडारोडा टाकून बुजवलेला असतो. शिवाय काँक्रीटच्या भिंतीतूनसुद्धा सांध्यांतून, भेगांतून आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांतून पाणी येतेच.

आतून दिलेल्या लेपाची अडचण अशी की पाण्याचा दाब बाहेरून असतो. माती पाण्याने भरली की ते पाणी भिंतीवर रेटा देते, लेपाला भिंतीपासून सुटे करू पाहते, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार त्याखाली साचून पांढरी बुरशीसारखी पूड आणि फुगे दिसू लागतात. किरकोळ ओलीपुरता चांगला सिमेंटयुक्त लेप उपयोगी पडतो, पण बाहेरचे पाणी वळवल्यानंतर. आधी दिला तर वाट अडलेली ओल भिंतीत आणखी वर चढू शकते.

खिडक्यांचा सल्ला तर पावसाळ्यात उलटाच पडू शकतो. बाहेरची हवा दमट असते आणि जमिनीला टेकलेली फरशी तिच्यापेक्षा थंड असली की त्यावर दव साचते, ज्याला आपण फरशीला पाणी सुटले असे म्हणतो. हे पाणी कुठून आले ते ओळखण्यासाठी भिंत किंवा फरशी पुसून कोरडी करावी, हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावे. थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला असतील तर ते हवेतले पाणी आहे, अशा वेळी खिडक्या बंद ठेवून पंखा चालवणे बरे. मागच्या बाजूला असतील तर ते जमिनीतून किंवा भिंतीतून आलेले आहे.

एका कारणाचा संदेशात उल्लेखच नाही. भर उन्हाळ्यातही एखादा कोपरा ओला राहत असेल, तर त्याचा पावसाशी बहुधा संबंध नसतो. वरच्या अंगाला शोषखड्डा आहे का ते पाहावे, आणि रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा. सकाळी तो पुढे सरकलेला असला, तर बहुधा पाइप कुठेतरी गळतो आहे.