खुलासा समाधानकारक नाही

परवा रात्री अडीच वाजता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या संपाच्या लोखंडी झाकणावर बसून मी एका इंग्रजी कादंबरीबाबत लेखी खुलासा द्यायचं कबूल केलं. माझ्या अंगात बनियन होतं. समोर ऑडिटर काका होते, त्यांच्या मांडीवर माझं पुस्तक होतं आणि पुस्तकात त्यांची तांबडी शाई होती. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

अडीच वाजता खाली काय करत होतो, हे सोलापूरकर विचारणार नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे पाणी येतं चार दिवसांआड. ते दिवसाउजेडी येईल असा कुणाचा शब्द नसतो, आणि आलं की मोटर लावायला कुणीतरी जागं लागतं. उन्हाळ्यात सोसायटीत पाळ्या लागतात. काकांची पाळी असो वा नसो, ते खाली येतातच. पस्तीस वर्षं लेखापरीक्षणात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर झोप लागत नाही, कारण कुणीच काही लपवत नाही.

पुस्तक त्यांच्या हाती गेलं ते माझ्याच फुशारकीमुळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ते म्हणाले, "सर, नवीन डोळा आलाय. काहीतरी जाडजूड द्या." मी कपाटातून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ काढलं. टॉल्किनची कादंबरी, एक घातक अंगठी नष्ट करायला निघालेल्या मंडळींची. तिन्ही भाग एकात, वजनाला विटेएवढं. "काका, हे वाचलं नाही तर काय वाचलं!" असंही वर म्हणालो. काकांनी पुस्तक हातात तोलून विचारलं, "हे कुठल्या सदराखाली येतं?" मी म्हणालो, "अद्भुत." ते म्हणाले, "म्हणजे किरकोळ खर्चात."

दीड महिन्यानं पुस्तक परत आलं.

"एकंदरीत कामकाज ठीक आहे," काका म्हणाले. "आक्षेप एकोणतीस आहेत."

"काका, कादंबरी आहे ती."

"म्हणूनच एकोणतीस. नाहीतर शंभर निघाले असते." त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि पुस्तक उघडलं. समासात तांबड्या शाईत, सरळ रेषेत, माझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरात होत्या तशा खुणा. माझ्या पोटात खड्डा पडला. त्या पुस्तकाला मी पेन्सिलसुद्धा लावलेली नव्हती.

"तुम्ही पुस्तकात लिहिलंत? शाईनं?"

"अर्धसमास आहे तो. अर्ध्या समासात आम्ही विचारायचं, उरलेल्या अर्ध्यात तुम्ही उत्तर द्यायचं. तुमची बाजू मी कोरी ठेवली आहे, बघा." खरंच ठेवली होती. "आणि तांबड्या शाईचं म्हणाल तर ती पुस्तकातच आहे. तो म्हातारा बिल्बो घर सोडून जातो, त्याचं मृत्युपत्र. सात साक्षीदार, सात सह्या, सगळ्या तांबड्या शाईत. नियमच आहे त्यांचा. मी म्हटलं, हे राज्य चालणार."

हे मला आठवत नव्हतं. घरी जाऊन पाहिलं. आहे. पहिल्याच प्रकरणात आहे.

"आता मुद्दा क्रमांक एक," काका म्हणाले. "अंगठी हस्तांतरित झाली २२ सप्टेंबरला. म्हाताऱ्याचा एकशेअकरावा वाढदिवस, त्याच्या वारसाचा, त्या फ्रोडो पोराचा तेहेतिसावा, तारीख एकच. ठीक. पुढची कार्यवाही कधी? सतरा वर्षांनी! हा तुमचा जादूगार गॅन्डाल्फ त्यातली शेवटची नऊ वर्षं तिकडे फिरकलासुद्धा नाही. एवढी धोकादायक वस्तू सतरा वर्षं एका घरात पडून. साठा नोंदवहीत नोंद नाही, वार्षिक पडताळणी नाही."

"काका, त्याला तेव्हा खात्री नव्हती."

"खात्री नव्हती, तर सील करायचं."

संपात पाणी पडल्याचा आवाज झाला असं वाटलं म्हणून मी उठलो. आवाज कुत्र्याचा होता. परत झाकणावर बसलो. मे महिन्यात ते झाकण पहाटेपर्यंत तव्यासारखं असतं, हे जाता जाता सांगतो.

"मुद्दा क्रमांक चार. तट्टू खरेदी." इथे काकांचा आवाज जरा हळवा झाला. "ब्री नावाच्या गावात यांची घोडी पळवली जातात. मग एक मरतुकडं तट्टू घेतात, बारा चांदीची नाणी देऊन. आणि लेखक स्वतः कबूल करतो, की ही रक्कम बाजारभावाच्या किमान तिप्पट आहे! दरपत्रकं मागवली? नाही. आणि पैसे भरतो कोण? खानावळवाला. वर नुकसानभरपाई म्हणून आणखी अठरा. एकूण तीस. मी म्हटलं, हा माणूस बुडाला."

"बटरबर."

"हां. पण बुडाला नाही! पळालेली पाच घोडी पुढे सापडतात आणि याच्याच तबेल्यात येतात. तीस नाण्यांत पाच चांगली जनावरं. लेखकानं हिशेब पूर्ण केलाय, सर! तट्टवाचा हिशेब पूर्ण करणारा लेखक मी पहिल्यांदा पाहिला. तिथे मी आक्षेप मागे घेतला. बघा, सही करून मागे घेतलाय."

सही होती. तारीखही होती.

मला खरं सांगायचं तर इथवर मजा वाटत होती. मी मनातल्या मनात हा प्रसंग स्टाफरूममध्ये कसा सांगायचा ते जुळवत होतो. आमच्या स्टाफरूममध्ये या पुस्तकाचे दोन तट आहेत. इंग्रजीच्या सरांचा आवाज फ्रोडोच्या इमानी नोकराचं, सॅमचं नाव घेतलं की भरून येतो. केमिस्ट्रीच्या मॅडमनी वाढदिवसाच्या पार्टीतच पुस्तक मिटलं, "एवढं जेवतात तर जातात कधी?" म्हणून. चौथ्या मजल्यावरचा मुलगा फक्त सिनेमे पाहून बोलतो. "सर, नुसते चालतेत. तीन पिक्चर चालतेत. एवढं कोण वाचतंय बे," म्हणाला, आणि मग जीभ चावून, "सॉरी सर." सोलापुरात ‘बे’ तोंडातून निघून जातो, त्याला इलाज नाही. पण त्याच तीन सिनेमांतल्या शेवटच्याला अकरा ऑस्कर मिळाली हे मी त्याला सांगितलं, तर म्हणे, "चालण्याला?"

भांडण जुनं आहे. पुस्तक १९५४-५५ मध्ये आलं. टॉल्किनच्या मनात ते एकच पुस्तक होतं. युद्धानंतरची कागदटंचाई आणि छपाईचा खर्च, त्यामुळे प्रकाशकानं त्याचे तीन तुकडे केले. लगेच १९५६ मध्ये एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकानं त्याला पोरकट कचऱ्यात काढलं. त्याच साली ऑडेन या कवीनं लिहिलं, की या पुस्तकाबद्दल मधलं मत असलेला माणूस भेटत नाही. एक तर डोक्यावर घेतात, नाहीतर सहन होत नाही. पुढे २००३ मध्ये बीबीसीनं ब्रिटनच्या वाचकांना आवडती कादंबरी विचारली तर हीच पहिली आली. टॉल्किनचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो म्हणतो, की काहींना हे कंटाळवाणं वाटलं, त्याबद्दल तक्रार नाही, कारण त्यांच्या लेखनाबद्दल माझंही मत तसंच आहे. आणि लोकांनी दाखवलेल्या दोषांपैकी एकच त्याला मान्य आहे : पुस्तक फार छोटं झालं.

केमिस्ट्रीच्या मॅडमना हे सांगितल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

काकांना मी गरुडांबद्दल मुद्दाम विचारलं. हा आक्षेप जगभर सगळे घेतात : एवढे मोठे गरुड ओळखीचे असताना अंगठी पायी का नेली? काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यात काय? आपल्याकडे कित्येक वर्षं विमानतळ होता, विमान नव्हतं. आपण हुतात्मा एक्सप्रेसनंच गेलो ना पुण्याला? प्रवास अनुज्ञेय वर्गानंच झाला पाहिजे. हलक्या नोकरवर्गाला गरुड अनुज्ञेय नाही."

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मी खरोखर गप्प झालो. काकांना पुस्तक आवडलं होतं. पण जिथे लोकांची मान कलंडते, नेमकं तिथे. अंगठीचं काय करायचं हे ठरवणारी, एलरॉन्डच्या घरची ती लांबलचक सभा, जिथे निम्मे वाचक पुस्तक उशाला घेतात, ती त्यांनी दोनदा वाचली. "इतिवृत्त कसं असावं याचा नमुना आहे. कोण काय बोललं, कुठून आला, कशासाठी आला, सगळं आहे. ठराव एकमतानं. मोहिमेचे सदस्य नऊ." बलरॉग राक्षसाशी लढाई? "ते आपलं चालायचंच." जंगलातला टॉम बॉम्बाडिल, ज्याला सिनेमावाल्यांनी सरळ गाळला, तो त्यांना विशेष पटला, कारण त्याच्याकडे अंगठी देऊन परत घेतली तेव्हा ती जशीच्या तशी परत आली. "असा एक माणूस माझ्या अख्ख्या नोकरीत भेटला नाही."

आणि परिशिष्टं. परिशिष्टं त्यांनी आधी वाचली. "तीस दिवसांचे बारा महिने, उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात नाहीत. पगारपत्रकाला किती सोपं! २३ सप्टेंबरला निघाले, २५ मार्चला काम संपलं. सहा महिने दोन दिवस. एवढ्या पायपिटीचं एक प्रवासभत्ता देयक नाही, तो भाग सोडा. पण तारखा जुळतात, सर. या माणसानं कच्च्या वहीवर काम केलं असणार."

मला भरून आलं. एवढं सगळं वाचलेला माणूस शेजारी राहतो आणि मी त्याला पाण्याच्या मोटरपुरतं ओळखतो. मी म्हणालो, "काका, शेवट कसा वाटला?"

इथे मी फसलो.

"ते तुम्ही सांगायचं," काका म्हणाले. "मुद्दा क्रमांक एकोणतीस." त्यांनी पुस्तकातून एक घडी घातलेला कागद काढला. निवडणुकीच्या प्रशिक्षणाला हजर राहण्याचं माझं पत्र. २०१९ चं. "हे दलदलीच्या प्रकरणात आढळलं. फ्रोडो, सॅम आणि त्यांचा वाटाड्या तो गॉलम दलदलीतून चाललेत, पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात, तिथे. आता निरीक्षण असं, की पहिल्या पानापासून या पानापर्यंत प्रत्येक पाचसात पानांमागे तेलाचा डाग आहे. अंगठ्याचा. शेंगाचटणी. मी वास घेऊन खात्री केली. पत्र सापडलं त्या पानानंतर एकही डाग नाही. पानं करकरीत. दोन तर एकमेकांना चिकटलेली होती, छापखान्यातून आलेली तशी. मीच सोडवली. सबब, पुढील वाचन झाल्याचं दिसून येत नाही."

"काका, मी... सिनेमा पाहिलाय."

"प्रमाणक म्हणून सिनेमा ग्राह्य नाही."

यावर हसता आलं असतं. पण मला आला राग, आणि तो अजून आहे. मला ते पुस्तक आवडतं. खरंच आवडतं. दलदलीपर्यंतचं मी तीनदा वाचलंय. त्या वर्षी निवडणुकीची ड्यूटी लागली, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, मग कसले तरी ऑनलाइन फॉर्म, मग करोना, मग तासाला आठ वेळा वाजणारा कामाचा ग्रुप. शिक्षकानं वाचायचं कधी, हा आक्षेप कुणाच्या अर्धसमासात येत नाही. आवडलं म्हणणाऱ्यांचा एक तट, भंगार म्हणणाऱ्यांचा दुसरा. ज्याला आवडलं आणि ज्याच्यानं संपलं नाही, त्यानं कुठल्या सतरंजीवर बसायचं? ऑडेनलाही आम्ही भेटलो नसणार. आम्ही दलदलीतच होतो. चार दिवसांआडच्या पाण्यासाठी मी रात्र रात्र जागतो, इतक्या वर्षांत एक पुस्तक संपवायला मला तीन सलग रात्री मिळालेल्या नाहीत, आणि हा गृहस्थ नवीन डोळा बसवून माझे डाग मोजतो!

यातलं काहीही मी बोललो नाही. फक्त "वेळ मिळाला नाही," म्हणालो. काकांनी ते लिहून घेतलं. माझ्या बाजूच्या कोऱ्या समासात, माझ्या वतीनं, त्यांच्याच पेनानं. मग खाली एक ओळ : खुलासा समाधानकारक नाही.

"तीस दिवसांत अनुपालन सादर करा," म्हणाले, आणि तेवढ्यात पाणी आलं. खरं पाणी. मी धावत मोटर लावली. परतलो तर काका वर निघून गेले होते, पुस्तक झाकणावर, वर वजनाला माझी चप्पल.

काल रात्री बसलो. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार. पत्र ठेवलेलं पान उघडलं आणि पहिल्यांदा प्रामाणिकपणे चार पानं वाचली. डोळे मिटायला लागले. मग अंगठा चटणीत बुडवला आणि पुढे एके ठिकाणी हलकेच टेकवला. सात पानांनी आणखी एक. मग आणखी सात पानांनी. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, सगळे एकसारख्या अंतरावर येतायत," ती म्हणाली. "त्यांना कळेल."

आता पाचव्या पानावर एक द्यावा की नवव्या, याचा विचार करतोय.