पांढरं पडलेलं खाचर आणि उशिराची फवारणी : मावळातल्या दादांना उत्तर

दादा, भातावरच्या खोडकिड्याला औषधाशिवाय कसं आवरायचं यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ‘पुण्यात बसून लिहायला काय जातं? ट्रायकोकार्ड पावसात भिजून गळतं, कामगंध सापळ्यात चार पतंग येतात आणि इकडे माझं अर्धं खाचर पांढरं पडलं. शेवटी औषधच मारावं लागलं,’ असं तुमचं म्हणणं. राहतो कोथरूडला हे खरं, पण आमची भातखाचरं मुळशीत आहेत आणि तिथल्याच इंद्रायणी तांदळावर आमचं घर वर्षभर जेवतं. अर्धं खाचर पांढरं पडणं म्हणजे काय, ते मला कळतं. वाचून फार वाईट वाटलं.

सापळ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, म्हणून फक्त नर पतंग येतात. हेक्टरी पाच लावले तर कीड आली की नाही एवढंच समजतं; पकडून कमी करायची तर वीस लागतात, तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून. नाहीतर पलीकडच्या खाचरातली मादी तुमच्या भातावर येऊन अंडी घालणारच. हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं. ट्रायकोकार्डावर चिकटवलेल्या अंड्यांतून खोडकिड्याची अंडी संपवणारे बारीक ट्रायकोग्रामा कीटक निघतात; तेही आषाढाच्या झडीत लावून उपयोग नाही. लावणीनंतर महिन्याभराने, श्रावणातली उघडीप बघून, पानाच्या खालच्या अंगाला टाचायचं; हेक्टरी ५० हजार अंडी, दर आठवड्याला, तीन-चार वेळा.

पण ‘शेवटी औषधच’ हे मला पटत नाही. पांढऱ्या पोच्या लोंब्या दिसल्या तेव्हा खोडकिड्याची अळी आत शिरून, लोंबीचा देठ कुरतडून मोकळी झाली होती. त्या लोंब्यांत दाणा भरणं आता कुठल्याच औषधाच्या हातात नव्हतं. त्या फवारणीने मेले ते किडी खाणारे कोळी, चतुर आणि चतुरासारख्याच नाजूक टाचण्या.

हे मी आमच्याच खाचरात बघितलंय. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने दोन औषधं एकत्र करून दिली आणि बाबांनी ती मारली. दसऱ्याच्या सुमारास भात गोल गोल करपायला लागला. चूड, म्हणजे भाताचा झुबका, दोन हातांनी बाजूला केला, तर पाण्याच्या वर बुडख्याला तीळ सांडावेत तसे रस शोषणारे तपकिरी तुडतुडे. कोळी एकही नाही. बांधापलीकडे न फवारलेल्या खाचरात मात्र पोटाखाली अंड्यांची पांढरी पिशवी घेऊन कोळी पळत होते. तुडतुडा अंडी घालतो पानाच्या आवरणाच्या आत. औषध तिथवर पोचत नाही, आठवडाभराने पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. इंडोनेशियात हेच देशभर झालं. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, हळूहळू औषधांवरचं अनुदानही काढून घेतलं. तरी भाताचं उत्पादन घटलं नाही.

औषधाला माझा सरसकट विरोध नाही. शंभर फुटव्यांत पाच गाभेमर, म्हणजे अळीने मधला गाभा सुकवलेले फुटवे, दिसले तर जरूर विचार करा. पण लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात चार पानं खाल्लेली दिसली म्हणून पंप उचलू नका, भात नवे फुटवे काढून ती भर स्वतःच काढतो. युरियाचा हात मात्र आखडता घ्या. लुसलुशीत हिरव्यागार भातावर तुडतुडे आधी तुटून पडतात.

आणि एक बिनखर्चाचं काम. खोडकिड्याची मादी रोपाच्या शेंड्याकडे अंडी घालते, वर बदामी केसांचं पांघरूण असलेला पुंजका. आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवशी रोपांची मूठ बांधली की विळ्याने शेंडे छाटायचे, पुंजके तिथेच जातात. आमच्याकडे आई आणि काकू बोलता बोलता हे उरकतात.

यंदाचं म्हणाल, तर कापणी अगदी जमिनीलगत करा. मग चार-पाच धसकटं उपटून विळ्याने उभी चिरून बघा, पिवळसर अळी बुडाशी दडून बसलेली सापडेल. तीच पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर पडते. वाल-हरभरा पेरण्याआधी नांगर घालून धसकटं वेचून काढा. तुमचं खाचर पवनेच्या बाजूला असेल तर कळवा, एखाद्या रविवारी मी येतो, आपण मिळून चिरून बघू.