मार्कशीटवरचं 'एबी'

परवा ऑफिसात हिवाळी परीक्षेच्या मार्कशीटांचा गठ्ठा आला. बीए दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची मार्कशीट मी मुद्दाम उपसून काढली. चार पेपरांना चांगले गुण, दोन पेपरांपुढे 'एबी'. म्हणजे अ‍ॅबसेंट. पेपरला आली नाही, एवढंच. काहून आली नाही, यासाठी त्या कागदावर रकाना नाही.

मला माहीत आहे काहून आली नाही ते. तिचा बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारा मारतो. ऐन परीक्षेच्या आठवड्यात तुरीवर फवारणी करून संध्याकाळी घरी आला आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. आधी तालुक्याला नेलं, तिथून रातोरात जिल्ह्याच्या मेडिकलला. आमच्याकडे हे हसण्यावारी नेत नाहीत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते अजून कोणी विसरलेलं नाही. मायचा वेचा चालू होता, कापूस फुटलेला, तो सोडला तर घरात पैसा कुठून येणार? भाऊ सातवीत. मग बापाच्या खाटेजवळ कोण बसणार? पोरगीच बसली.

आठ-दहा दिवसांनी ती कॉलेजात आली. हातात मेडिकल स्टोअरची कॅरीबॅग. तिच्यात बापाचं डिस्चार्ज कार्ड, औषधाच्या चिठ्ठ्या आणि घडी घालून घालून मऊ पडलेलं हॉल तिकीट. चार पेपरांपुढे पर्यवेक्षकाची सही, दोन जागा कोऱ्या. त्या दोन कोऱ्या चौकटींवर बोट ठेवून म्हणाली, "सर, हे पेपर पुन्हा होईन का जी?"

मी अर्ज लिहायला लावला. लांब वहीचं पान फाडून तिनं सुंदर अक्षरात लिहिला. बाबूंनी तो दोनदा वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सर, याले लावू कशात? मेडिकल म्हणावं तर मेडिकल हिचं नाही, बापाचं आहे." माणूस वाईट नाही हो. खरंच त्यांच्याकडे त्या अर्जासाठी फाईल नव्हती. तरी वर पाठवला. उत्तर यायचं तेच आलं: तरतूद नाही, उन्हाळी परीक्षेला बसावे.

आता कोणी म्हणेल, बसू दे उन्हाळीला, बिघडलं काय? बिघडतं. त्या सत्राचे पेपर आणि हे दोन, सगळं एकाच महिन्यात. परीक्षा फॉर्मचे पैसे वेगळे. पुढे कुठं मुलाखतीला गेली तर "बॅक होता का?" हा प्रश्न ठरलेला, आणि तिचं उत्तर "हो". खरी गोम तर घरी आहे. गावात 'एबी' आणि 'नापास' यातला फरक कोणाला कळत नाही. पोरगी दोन विषयांत गेली म्हटलं की आत्या-मावश्या स्थळं घेऊन हजर. विद्यापीठाच्या एका शिक्क्यानं पोरीचं शिक्षण थांबतं ते असं, वर्गात नाही, ओसरीवर.

आमच्या व्यवस्थेत दयामाया नाही असं मी म्हणणार नाही. दया आहे, भरपूर आहे, पण ती तोंड पाहून आहे. त्याच हिवाळीत दुसऱ्या एका मुलाच्या चुकलेल्या अंतर्गत चाचण्या कशा घेतल्या गेल्या ते मी पाहिलं. त्याचं कारणही खरं होतं, खोटं नव्हतं. फक्त त्याच्या काकाचा एक फोन आला होता. मी स्वतः कित्येकांना 'सांभाळून घेतलं' आहे. आणि ज्याला नाही घेतलं त्याचंही सांगतो.

२०२२ च्या सुरुवातीला एसटीचा संप चालू होता. आमच्या एका मुलानं प्रकल्पवही आठ दिवस उशिरा आणली. मी वर्गात, सगळ्यांदेखत, घेतली नाही. नियम म्हणजे नियम. तो एक शब्द बोलला नाही. नंतर दुसऱ्या पोरांकडून कळलं की अठरा किलोमीटर सायकलनं यायचा, तीही शेजाऱ्याची, मिळेल त्या दिवशी. आज त्याचं फाट्यावर मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. मी दिसलो की अजून "नमस्कार सर" म्हणतो. तो नमस्कार मला जड जातो.

तो बोलला असता तर मी वही घेतली असती, खात्रीनं. म्हणजे सवलत मिळाली असती ती बोलण्याला, अडचणीला नाही. आणि आमच्याकडची अर्धी पोरं, त्यातही तांड्यावरच्या, पोडावरच्या (कोलामांच्या वस्तीवरच्या) पोरी, मास्तरासमोर घरचं बोलतच नाहीत.

मागे एक माजी विद्यार्थी इंग्लंडहून बोलत होता. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर शिकायला गेलेला. तिकडे प्रत्येक विद्यापीठात या गोष्टीसाठी ठरलेला अर्ज असतो, 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणतात. आजारपण, घरातला मृत्यू, कोणाची शुश्रूषा, जे काय असेल ते लिहायचं. निर्णय एकटा मास्तर घेत नाही, समिती घेते. आणि लक्षात घ्या, फुकट गुण देत नाहीत. एकतर काम द्यायची मुदत वाढवतात, नाहीतर पुन्हा परीक्षा घेतात आणि ती पहिलीच धरतात, म्हणजे गुणांना कात्री नाही. नियम कडकही आहेत. बऱ्याच ठिकाणी पेपरला बसलास म्हणजे तू ठणठणीत होतास असं धरतात, नंतर रडायचं नाही. अन्याय झाला वाटला तर इंग्लंड-वेल्समध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणारी स्वतंत्र संस्था आहे. घरात कोणी गेलं असेल तर कागद मागताना तारतम्य ठेवा, असं ती विद्यापीठांना सांगते. तिथलेही प्राध्यापक कुरकुरतात, अर्जांचा पूर येतो म्हणतात. येऊ दे की.

आपल्याकडे नियम वाकतच नाही असं थोडंच आहे? २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं मागच्या गुणांवर पुढे गेली आणि शेवटच्या वर्षानं घरबसल्या मोबाईलवर परीक्षा दिली. दुष्काळ जाहीर झाला की गावच्या पोरांची परीक्षा फी माफ होते. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ चा कायदा आहे, लेखनिक मिळतो, तासामागे २० मिनिटं जादा मिळतात. बाळंतपणासाठी मुलींना हजेरीत सूट द्या, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२१ मध्येच विद्यापीठांना कळवलं. म्हणजे संकट सगळ्या गावावर आलं किंवा कायद्यात त्याचं नाव असलं तर मार्ग निघतो. एकाच घरात शिरलं तर "तरतूद नाही".

हमखास येणारी हरकत मला ठाऊक आहे, कारण स्टाफरूममध्ये ती मीच घ्यायचो: "सर, उद्या सगळेच बाप आजारी पाडतील." पाडतील काही जण. खोटं मेडिकल सर्टिफिकेट आजही मिळतं, पैसे टाकले की मिळतं, आणि ते चालतं! ज्याच्याकडे ते विकत घ्यायची अक्कल आणि पैसा आहे त्याचं निभतं. खरं डिस्चार्ज कार्ड घेऊन आलेली पोरगी मात्र परत जाते, कारण कार्डावर नाव बापाचं. शंभरात पाच जण फसवतील म्हणून पंच्याण्णवांना उपाशी ठेवायचं, हा कोणता न्याय?

दुसरी अडचण मात्र खरी आहे. शेकडो कॉलेजांचा एकच टाइमटेबल, गोपनीय प्रश्नपत्रिका. एका पोरीसाठी वेगळा पेपर काढणं विद्यापीठाला झेपणार नाही. पण काढा म्हणतं कोण? उन्हाळीला तोच पेपर बॅकवाल्यांसाठी निघतोच. तिला तिथंच बसू द्या, फक्त फी घेऊ नका आणि मार्कशीटवर तो पहिलाच प्रयत्न धरा. 'एबी'च्या जागी दुसरं काही लिहा. सॉफ्टवेअरमध्ये एक कोड वाढवायचा आहे, दुसरं काय? अर्जाला मुदत ठेवा, दोन आठवड्यांची. कॉलेजातच तीन जणांची समिती करा, तिच्यात एक बाई असलीच पाहिजे. कागद म्हणून डिस्चार्ज कार्ड चालेल, पोलीस पाटलाचा दाखला चालेल, आणि तेरवी झालेल्या घरी कागद मागायला जाऊ नका. अंतर्गत गुणांचं तर विद्यापीठालाही विचारायची गरज नाही, ते आपल्याच हातात आहे.

मी तासिका तत्त्वावरचा मास्तर. मी एक दिवस आलो नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, कारण कोणी विचारत नाही. तेव्हा माझ्या शब्दाला वजन किती ते मला माहीत आहे. तरी महाविद्यालय विकास समितीच्या पुढच्या बैठकीत हे मांडा, म्हणून प्राचार्यांना पत्र दिलं आहे. मित्रयादीत कोणी अधिसभेवर, विद्या परिषदेवर असेल तर मेसेज करा, मसुदा पाठवतो. दीड पान आहे.

पोरगी उन्हाळीला बसते आहे. बाप आता बरा आहे, पण फवारणीला जात नाही. तिच्या दोन पेपरांपैकी एक सकाळच्या पाळीत आला आहे, आणि उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की त्या गावची सकाळची एसटी बरेचदा रद्द होते. उद्या डेपोत जाऊन विचारतो.