‘ठाण्यात बसून’ या प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

भायखळ्याच्या राणीच्या बागेवरील माझ्या लेखाबद्दल आपण वाशीहून तीन आक्षेप कळवले आहेत: प्राणिसंग्रहालयावरच्या लेखात प्राणी कमी आणि दगडी इमारती जास्त आहेत, पिंजऱ्यांच्या स्थितीविषयी एक अवाक्षर नाही आणि ‘ठाण्यात बसून चार संकेतस्थळे चाळली की इंग्रजांच्या कमानींचे पोवाडे गाता येतात’. मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, त्याच्या अभ्यासाची अशी एका वाक्यात वासलात लावणे सभ्यपणाचे नाही. २०१६ मध्ये सेऊलहून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनना मी जेमतेम दोन ओळी दिल्या, एवढे मान्य करतो.

आता ‘ठाण्यात बसून’. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि आमची खोली बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. १९८२ च्या संपात घराची घडी विस्कटली, तेव्हा आम्ही कळव्याला आलो. रविवारी बागेत गेलो की वाघ-अस्वलांआधी ते आम्हाला वस्तुसंग्रहालयाजवळच्या दगडी हत्तीपाशी नेत आणि त्याच्या अंगावरचे सांधे बोटाने दाखवत. हा हत्ती घारापुरीचा. १८१४ मध्ये तो तेथे कोसळला, १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते जुळवून त्याला पुन्हा उभे करण्यात आले. लेखात सर्वांत जास्त जागा मी त्यालाच दिली होती. तो कोणत्या इंग्रजाने घडवला, हे आपणच सांगावे.

कमानींचेही तेच. वस्तुसंग्रहालयासाठी लोकांकडून निधी उभा करणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड आघाडीवर होते. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या त्या वास्तूला १९७५ पासून भाऊ दाजींचे नाव आहे, आणि शेजारचा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिला. आराखडा इंग्रजाचा म्हणून या शहराने त्यात घातलेला पैसा आणि खटपट परकी ठरवायची असेल, तर आपल्याला त्या माणसांविषयी काहीच ठाऊक नाही, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

प्राणी कमी आहेत, कारण लेख १८६२ पासून सुरू होतो. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला खुली झाली ती झाडांची बाग. प्राण्यांसाठी पंधरा एकर जमीन तिला जोडली गेली ती १८९० मध्ये. पिंजऱ्यांचा प्रश्न महत्त्वाचा असेल, पण तो त्या लेखाचा विषय नव्हता.

यापुढे आक्षेप घेताना माझे कोणते विधान चुकीचे आहे तेवढे लिहावे. मी कोठे बसून लिहितो, याची चौकशी नको.