अंगठ्याचा स्वतंत्र कारभार

रात्री तीनच्या सुमारास उजवा हात मेलेला सापडायचा. म्हणजे माझ्याच खांद्याला असायचा, पण डाव्या हाताने उचलून उशीवर ठेवावा लागे. झटकला की मुंग्या. "बघा अजून मोबाइल," बायको अंधारातूनच म्हणायची. शेजारच्या काकांनी मणका सांगितला. मावशीने वात सांगून वर तेलाची बाटली पाठवली.

डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं, "करंगळीला मुंग्या येतात?"

करंगळीकडे एवढ्या वर्षांत लक्ष कुणी दिलंय? रात्र जागून पाहणी केली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर, अनामिका अर्धीच, करंगळी ठणठणीत. एकाच बोटात सीमावाद! "मग मीडियन नर्व्ह, मनगटातून या बोटांकडे जाणारी नस," बाई खूश. त्यांनी उलटा नमस्कार करायला लावला. मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या, 60 सेकंद. चाळिसाव्यालाच मुंग्या हजर. चिठ्ठी मिळाली: एनसीव्ही, म्हणजे नसेचा वेग मोजणं, आणि ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्याची वीज ऐकणं.

तपासणीला मी भक्तिभावाने तेल चोळून गेलो. टेक्निशियनने स्पिरिटच्या बोळ्याने मावशीचा सगळा उपचार पुसून काढला. "काका, तेलावर इलेक्ट्रोड चिकटत नाही." मग म्हणाला, "हात गार आहे." एसी 18 वर ठेवल्यावर दुसरं काय होणार? पण गार हातात नस सुस्तावते आणि धडधाकट माणूसही रिपोर्टात आजारी दिसतो. म्हणून गरम पाण्याची पिशवी आली. हात 32 अंशांवर येईपर्यंत मी मुरत बसलो.

मग मनगटावर टिच्! अंगठा टुणकन उडाला. बावन्न वर्षं माझ्या हुकमात वागलेला अंगठा आता परस्पर कामं घेऊ लागला होता. "थोडंसंच वाढवतो हं काका." भाजीवाल्याच्या 'थोडंसं' सारखंच हेही.

पुढचा शॉक कोपरापाशी. दोन खुणांमधलं अंतर त्याने चक्क शिंप्याच्या टेपने मोजलं: 22 सेंटिमीटर, वेळ 4 मिलिसेकंद. मी मनातल्या मनात हिशेब केला. सेकंदाला 55 मीटर, म्हणजे ताशी 198 किलोमीटर! छाती फुगली. पण मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंतच्या चार बोटांच्या वाटेला, जिथे साधारण 4 मिलिसेकंद पुरतात, तिथे माझ्या नसेने 5.8 घेतले. आमची गाडी कर्जतपर्यंत सुसाट आणि बोगद्यात अडकलेली.

शेवटी ईएमजी. अंगठ्याच्या उशीत सुई खुपसून बाई म्हणाल्या, "आता हात अगदी सैल सोडा." सुई आत आणि हात सैल! स्नायू निवांत असताना स्पीकर गप्प हवा. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज आला तर ते वाईट, नस स्नायूला सोडून चालल्याची खूण. मी श्वास धरला. आणि टप... टपटप... टपटपटप. मला दरदरून घाम. बाईंनी शांतपणे खिडकी लावून घेतली. पार्किंगच्या शेडवर सर आली होती.

निदान: कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात नस दबलेली, मध्यम. रात्री मनगटाला पट्टा.

घरी आल्यावर मोठ्या रुबाबात बायकोला उलटा नमस्कार शिकवला. तिने विसाव्या सेकंदालाच हात झटकले.

"मुंग्या? या तर कणीक मळताना रोजच येतात."

शुक्रवारची वेळ घेतली आहे. मावशीची बाटली मी वरच्या फळीवर मागे सारून ठेवलीय.