‘पुस्तकच भारी’ म्हणणाऱ्यांना काही उत्तरं

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. कादंबरीवरचा नवा सिनेमा जाहीर झाला की तो हमखास येतो. त्यातले मुद्दे थोडक्यात असे : सिनेमा कधीच पुस्तकाइतका चांगला होत नाही, पात्रांच्या मनातलं पडद्यावर आणताच येत नाही, पुस्तकाशी प्रामाणिक राहिलं तरच सिनेमा जमतो, पटकथा मूळ लेखकाच्या मनासारखी असावी, नाहीतर वाट लागते, आणि सिनेमा आला की पुस्तक कुणी वाचत नाही. खाली ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’. मी सहमत नाही.

पहिला मुद्दा घ्या. ‘न पटणारी गोष्ट’ ही नारायण हरी आपट्यांची कादंबरी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली आहे? तिच्यावर व्ही. शांताराम यांनी 1937 साली ‘कुंकू’ काढला आणि तो आजही बघितला जातो. शांता निसळ यांची ‘बेघर’ किती घरांत सापडेल? तिच्यावरून जब्बार पटेलांनी केलेला ‘उंबरठा’ (1982) मात्र स्मिता पाटीलसकट डोळ्यांसमोर उभा राहतो. या मजकुरातली मेख इथे आहे. सिनेमा पुस्तकाला मागे टाकून गेला की त्यामागे पुस्तक होतं हेच आपण विसरतो. मग तुलनेला उरतात फक्त लाडक्या, पाठ झालेल्या कादंबऱ्या. अशा मोजणीत पुस्तक जिंकणारच!

‘मनातलं पडद्यावर येत नाही’ याचं उत्तरही ‘कुंकू’च देतो. तरुण नीरा थोराड काकासाहेबांच्या गळ्यात बांधली जाते आणि त्यांना नवरा मानायला साफ नकार देते. काकासाहेबांची घालमेल कादंबरीकार पानंच्या पानं सांगू शकतो. सिनेमात केशवराव दाते आरशासमोर उभे राहतात, आरसा फुटतो आणि प्रत्येक तुकड्यातून त्यांचंच तोंड त्यांना वेडावतं. मनातलं आणखी काय दाखवायचं राहिलं? त्यात या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज. रडवायला व्हायोलिन नाही, तरी त्या घरातला कोंडमारा अंगावर येतो.

इथे एक कबूल करायला हवं. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त आणीबाणीच्या काळातला नववीतला जोशी स्वतःच सगळं सांगतो. त्याच्या डोक्यात अखंड चाललेली टवाळी हाच त्या पुस्तकाचा जीव आहे. सुजय डहाकेच्या सिनेमात ती पातळ झाली. पण त्याला आवडणारी शिरोडकर समोर आल्यावर जोशीची बसणारी वाचा पडद्यावर नुसत्या बघण्यातून कळते. काही गेलं, काही आलं. मजेची गोष्ट म्हणजे या सिनेमाच्या आधी याच कादंबरीवर ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट येऊन गेला होता. कादंबरी तीच, जोशीही तोच. मित्रमंडळींत विचारून बघा, कुठल्या सिनेमातला जोशी त्यांना आठवतो. दोष कादंबरीवरून सिनेमा करण्यातच असता, तर दोन्ही सारखेच विसरले गेले असते.

आता तो ‘प्रामाणिक’ शब्द. ‘सिंहासन’ हा सिनेमा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून झाला : ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. प्रामाणिक राहायचं तर नेमकं कुणाशी? विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिताना दोन पुस्तकांचे धागे एकमेकांत गुंतवले, म्हणजे दोन्हींतलं बरंच काही निर्दयपणे बाजूला ठेवलं. हाती काय आलं? मुख्यमंत्र्यांना येणारा तो निनावी फोन, डॉ. लागूंचा अर्थमंत्री दाभाडे, अरुण सरनाईकांचा थंड डोक्याचा मुख्यमंत्री आणि शेवटी निळू फुल्यांच्या पत्रकार दिगू टिपणीसचं वेडंपिसं हसणं. मंत्रिमंडळात खळखळ झाली की लोक आजही या सिनेमाचं नाव काढतात. साधूंची पानं जशीच्या तशी चित्रित केली असती तर चार तासांचा कंटाळा झाला असता, असं माझं मत आहे.

उलट बाजूनेही सांगतो. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वरचा 2013 चा सिनेमा धो धो चालला आणि कादंबरीचे जुने चाहते चिडले. मलाही तो फार भावला नाही. पण बदल केले म्हणून नव्हे. कट्ट्यावरच्या त्या पोरांचा मूळचा कडवटपणा गोड करून टाकला म्हणून. बदलाचा गुन्हा वेगळा आणि चुकीच्या बदलाचा वेगळा.

लेखकाच्या मर्जीचा मुद्दा ‘गाइड’पाशी कोसळतो. आर. के. नारायण आपल्याच कादंबरीवरच्या या चित्रपटावर नाराज होते, तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. त्यांचं मालगुडी हे छोटंसं काल्पनिक गाव सोडून कॅमेरा थेट उदयपूरला गेला. त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. कादंबरीच्या शेवटी पाऊस खरंच येतोय की उपास करणाऱ्या नायकाला, राजूला, तसा भास होतोय, हे नारायण मोकळं सोडतात. सिनेमात धो धो पाऊस पडतो, प्रश्नच मिटतो. ते नुकसानच आहे. पण याच कादंबरीवर एक इंग्रजी सिनेमाही तेव्हाच निघाला होता. लेखणी कुणाची, तर नोबेल मिळालेल्या पर्ल बक यांची. तो आपटला. विजय आनंदने हिंदीसाठी सगळं नव्याने रचलं आणि तो ‘गाइड’ साठ वर्षं टिकून आहे. म्हणजे थोर साहित्यिकाचा हात लागूनही सिनेमा पडतो आणि लेखक रुसूनही सिनेमा उभा राहतो. ‘उंबरठा’ आणि ‘सिंहासन’, दोन्हींच्या पटकथा मूळ लेखकांच्या नाहीत, तेंडुलकरांच्या आहेत, हेही जाता जाता.

राहिला शेवटचा मुद्दा, सिनेमा पुस्तक मारतो हा. त्याला फार वेळ द्यावासा वाटत नाही. ‘नटरंग’ आल्यावर आनंद यादवांची कादंबरी शोधत दुकानात गेलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यातल्या काहींनी यादवांचं नाव पहिल्यांदा वाचलं ते सिनेमाच्या श्रेयनामावलीत.